कानाला रकाना नाही

मुलुंडच्या विद्याधर पाटकरांच्या गाडीतून रोज सकाळी टकटक असा आवाज येई. पाटकर चोवीस वर्षं सरकारी नोकरीत इमारतींच्या लिफ्ट तपासत होते. कागदावर आल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली असं ते मानत नसत. पण रविवारी सासूबाईंना रत्नागिरीला पोचवायचं होतं, आणि भर रस्त्यात गाडी बंद पडली तर त्या काय बोलतील याची त्यांना खरोखर धास्ती होती. म्हणून पत्नी इरावतीसह त्यांनी साकीनाक्याचं एक नामांकित सर्व्हिस सेंटर गाठलं.

तिथल्या राजेश परब या जुन्या मेकॅनिकने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"साहेबानू, बेल्ट ताणून धरणारो टेन्शनर ढिलो पडलो हा. बेल्टान दात सोडल्यान, की वाल्व पिस्टनवर आपटतले. इंजिन खलास!"

"परबकाका, स्क्रू-ड्रायव्हर आपल्या मान्य उपकरणांच्या यादीत नाही," कारकुनी सांभाळणारा मिहिर म्हणाला. त्याने गाडीला स्कॅनर जोडला. पडद्यावर अक्षरं उमटली : दोष आढळला नाही.

"अरे, मला इथून ऐकू येतोय आवाज!" इरावती म्हणाली.

"मॅडम, फॉर्ममध्ये कानाला रकाना नाही."

"मग कव्हर उघडून बघ ना."

"कव्हर उघडायला दोषाचा कोड लागतो. कोड यायला बेल्टने दात सोडायला हवा."

"आणि सोडला की?"

"लगेच उघडू. त्या दिवशी तुम्हाला प्राधान्य!"

पाटकरांना हे तर्कशुद्ध वाटलं. खरं सांगायचं तर, त्यांना अगदी घरच्यासारखं वाटलं.

तक्रार उघडी ठेवायची नाही असा सेंटरचा नियम होता. म्हणून बॉनेटच्या आतून आवाज दाबणारा जाड नमदा चिकटवण्यात आला आणि शेरा पडला : 'तक्रार – आवाज. उपाय – आवाज ऐकू येत नाही. सबब प्रकरण निकाली.'

"अहो, टेन्शनर तसाच आहे!"

"भाषा बघ गं किती नेमकी आहे," पाटकर कौतुकाने म्हणाले.

"सर, सेवा कशी वाटली विचारायला फोन येईल. दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तर वरचे शून्य धरतात," मिहिर अजिजीने म्हणाला. पाटकरांनी दहा दिले. परब हात पुसत निघून गेला.

रविवारी पनवेलच्या पुढे खाडकन आवाज झाला आणि गाडी थांबली ती थांबलीच. सासूबाई रस्त्याच्या कडेला स्वतःच्या बॅगेवर बसल्या आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. पाटकरांनी मिहिरला डॅशबोर्डवर पेटलेल्या इंजिनाच्या दिव्याचा फोटो पाठवला.

"अभिनंदन, सर!" त्याचा लगेच फोन आला. "कोड आला!"

गाडी दुसऱ्या गाडीमागे टोचन लावून सेंटरला गेली आणि मंडळी टॅक्सीने मुलुंडला परतली. सातव्या मजल्यावर जायला सासूबाई लिफ्टमध्ये शिरल्या. वर कुठेतरी टकटक वाजत होतं. गेलं वर्षभर वाजत होतं. आज मात्र पाटकरांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

"आई, बाहेर या! जिन्याने जाऊ."

"सात मजले? माझे गुडघे बघा जावईबापू!"

"अहो, काय झालं?" इरावतीने आत लावलेला दाखला वाचला. "'आवाजाची तक्रार उपकरणात आढळली नाही, सबब निकाली.' सगळं ठीक आहे की. सही तुमचीच आहे."

"म्हणूनच म्हणतोय," पाटकर म्हणाले आणि त्यांनी सासूबाईंची बॅग उचलली.

अशा अकराशे चाळीस दाखल्यांवर त्यांची सही आहे. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?