खासगीपणाचा पंचनामा

केनवडच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. गेल्या साली गावात 'निरामय दूरसल्ला योजना' सुरू झाली. योजनेचा फलक फाट्यावरच लावला आहे. त्यावर तीनच गोष्टी लिहिल्या आहेत: घरबसल्या, मोफत, पूर्णतः गोपनीय. त्यातही 'गोपनीय' हा शब्द एवढ्या मोठ्या अक्षरांत आहे की धावत्या एसटीतल्या माणसालाही तो वाचता यावा. खाली सात मान्यवरांचे फोटो आहेत. सरपंच गुलाबसिंग त्यात गॉगल लावून आहेत.

'घरबसल्या' या शब्दात पुढे किरकोळ दुरुस्ती करावी लागली. गावात मोबाईलची रेंज फक्त देवीच्या सभामंडपात येते, आणि तिथेही उत्तरेकडच्या खांबाला टेकून बसलं तरच. म्हणून योजनेचे समन्वयक वीरेंद्रभाऊ टॅब घेऊन त्या खांबापाशी बसू लागले. दर मंगळवारी शहरातल्या डॉक्टर पडद्यावर येत आणि पेशंट खांबाला टेकून आपली दुखणी सांगत. मंगळवार हा आमच्या भजनी मंडळाचाही दिवस. देवीचा उपास असतो, आम्ही बायका वाती वळत तिथेच बसलेल्या असतो. त्यामुळे कोणाला कुठे खाज आहे, हे आम्हाला आपोआप कळत असे. पोलीस पाटील पुंजाजींची मूळव्याध तर सगळ्या गावाला आरतीसारखी पाठ झाली होती. त्यावर कोणाची तक्रार नव्हती. पुंजाजींचीही नव्हती, उलट कोणी विचारायचं विसरलं तर ते नाराज होत.

अशा सुरळीत चाललेल्या योजनेत अंजूने विघ्न आणलं.

अंजू ही धनराजची बायको. धनराज हार्वेस्टर घेऊन मध्य प्रदेशात गेलेला. अंजूची पाळी चुकली, तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा आल्या. नवराबायको फोनवर बोलले आणि हे मूल नको, असं दोघांनी ठरवलं. लवकर गेलं तर गोळ्यांवर भागतं, उशीर झाला तर दवाखान्यात दाखल व्हावं लागतं, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून ती आधी तालुक्याच्या मेडिकलवर गेली. दुकानदाराने रस्त्याकडे पाहिलं, वर पंख्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "तसलं काही आमी ठेवत नाही, बाई. सभ्य दुकान हाये." त्याच्या डोक्यावर घोड्याचं चित्र असलेल्या शक्तिवर्धक कॅप्सूलच्या माळा तोरणासारख्या लटकत होत्या.

मग ती फलकावर विश्वास ठेवून वीरेंद्रभाऊंकडे आली.

"तरास कोणता?" वीरेंद्रभाऊंनी विचारलं.

"बाईमाणसाचा."

"त्यात उपप्रकार हायेत. अंगावरून जाणे, ओटीपोट दुखणे, दिवस न राहणे, अन् हे शेवटचं." शेवटचं न वाचता त्यांनी टॅबवर नुसतं बोट ठेवलं.

"शेवटचं."

वीरेंद्रभाऊ सावरून बसले. "हे अतिगोपनीय वर्गात येते, वयनी. याले दोन पंच लागते."

"पंच कायले?"

"खासगीपणा पाळला गेला का नाही, थे कोण सांगन? गावातले दोन प्रतिष्ठित माणसं जवळ उभे राहून, कान देऊन खात्री करतीन, का काहीच आयकू येऊन नाही राह्यलं."

"कान देऊन उभे राह्यले तर आयकू येईनच न, भाऊ."

"आलं तर थे तशी हरकत नोंदवतीन." वीरेंद्रभाऊंकडे सगळ्याची सोय होती. "अन् नवऱ्याची सही?"

"नवरा हार्वेस्टरवर हाये."

"सासऱ्याची?"

"सासरे वारले."

"मंग सरपंचाची चालीन. गावाचे बापच हायेत थे."

या कामात तो मंगळवार गेला. पुढच्या मंगळवारी अतिगोपनीय सल्ला ठरला. गर्दी होऊन गोपनीयतेचा भंग होऊ नये, याची सरपंचांना फार काळजी होती. म्हणून ज्या भोंग्यावरून नळाला पाणी कधी येणार ते सांगतात, त्याच भोंग्यावरून सकाळीच पुकारा झाला: "समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येते की, आज अकरा वाजता देवीच्या मंदिरात एका भगिनीचा अतिगोपनीय सल्ला हाये. कोणीही तिकडे फिरकू नये. भगिनी कोण, हे कोणीही विचारू नये. ज्यांच्या घरचा माणूस हार्वेस्टरवर गेला हाये, त्यांच्याविषयी उगाच तर्क करू नये."

आमच्या गावातून हार्वेस्टरवर दोनच जण गेलेले. त्यातल्या एकाची बायको नातवंडांची लग्नं जमवते आहे.

साडेदहालाच मंदिरासमोर पाय ठेवायला जागा उरली नाही. आपण न फिरकलेलं लोकांना दिसावं, म्हणून जो तो जातीनं हजर होता. खासगीपणासाठी पडदा हवा, तर मंडपवाल्याने लग्नातला लाल-सोनेरी पडदा आणून खांबाभोवती बांधला. पडदा पाहून पोरांना वाटलं, जेवण आहे. पोरं पंगतीत बसली. चहावाल्याने गाडी लावली. पडद्याच्या एका अंगाला सरपंच आणि दुसऱ्या अंगाला पुंजाजी, असे दोन पंच स्वच्छ धुतलेल्या कपड्यांत उभे राहिले.

अंजू मान खाली घालून आली आणि पडद्याआड गेली.

टॅबवर डॉक्टर मॅडम आल्या. आवाज शांत. "ताई, तुम्ही एकट्या आहात ना? आजूबाजूला कोणी नाही ना?"

अंजू काही बोलायच्या आत पडद्यामागून पुंजाजींचा खणखणीत आवाज आला. "एकटीच हाये, म्याडम! आमी सगळे पाहून राह्यलो!"

मॅडम म्हणाल्या, "ताई, अशा गर्दीत मी तुमच्याशी बोलू शकत नाही. तुमची माहिती कोणाच्या कानावर पडता कामा नये, असा कायदा आहे. आणि सही कोणाचीही लागत नाही. तुम्ही सज्ञान आहात, तुमची स्वतःची संमती पुरे. पुढच्या मंगळवारी नक्की एकट्या या. तुमच्या नोंदीतली तारीख पाहता, त्यापुढे गेलं तर गोळ्यांवर भागणार नाही, हे मात्र लक्षात ठेवा." हे सर्व बाहेरच्या ओट्यापर्यंत स्पष्ट ऐकू आलं. रेंज त्या दिवशी अप्रतिम होती.

"काहीच आयकू नाही आलं," सरपंचांनी जाहीर केलं. "गोळ्यावाली गोष्ट तं मुळीच नाही."

त्यानंतरचा आठवडा गावाने संस्कृतीला वाहिला. पारावर सरपंचांचं भाषण झालं. आपल्या आयाबहिणी असल्या वाटेला कधी गेल्या नाहीत, असं ते म्हणाले तेव्हा पुढच्या रांगेतल्या आयाबहिणींनी जमिनीकडे पाहिलं. अंजूशी बोलू नये, असं ठरलं. आणि ते ठरल्याबरोबर बायका अंजूशी बोलायला जाऊ लागल्या. एक पिठाच्या गिरणीवर भेटली, एक पाणवठ्यावर, एक विरजण मागायला म्हणून परसदारातून आली. "त्या गोळ्याचं माह्यासाठी नाही इचारत, माय. माह्या बहिणीच्या नणंदेसाठी." ज्या घरातून भाषण निघालं होतं, त्या घरातूनही एक विरजणाची वाटी येऊन गेली. ती कोणाची, हे मी सांगणार नाही. उपासाच्या दिवशी चहाडी करत नाहीत.

सोमवारी दुपारी अंजू मंदिरात येऊन नुसती बसली. आमच्या मंडळातल्या वडील रामीबाई समया घासत होत्या. चार धाम केलेली बाई. तिच्यासमोर कोणी मोठ्याने हसतही नाही.

"काहून बसली वं?" रामीबाईंनी विचारलं.

"उद्याचा एकच दिवस हाये, आजी. अन् भोंगा पुन्हा वाजनच."

"देवाजवळ रडून काय होते? देवीले तं रेंज बी याच खांबातून येते." रामीबाईंनी समई उलटी करून निथळत ठेवली. मग बराच वेळ देवीकडे पाहिलं. देवीची परवानगी घेत होत्या की माफी, ते कळलं नाही. "वीरेंद्रले बलाव."

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला, पण पुकारा निराळा होता. वीरेंद्रभाऊ घाबऱ्या आवाजात सांगत होते: "आज देवीचं पडदाव्रत हाये. अकरा ते बारा गड्यामाणसानं मंदिराकडे पाहू नये, कान देऊ नये. पाह्यलं तर सोयाबीनवर अळी पडते. आयकलं तर मिशी झडते. रामीबाईच्या आजीच्या काळापासूनची ही प्रथा हाये."

असलं व्रत आम्हा कोणालाच माहीत नव्हतं. मी तर वर्षातले सगळे वार, सगळ्या तिथी करते. कोणत्याही पोथीत ते नाही. पण पाच मिनिटांत मंदिरासमोरची वाट रिकामी झाली. कायद्याने जे जमलं नव्हतं, दोन पंचांना, पडद्याला आणि फलकाला जे जमलं नव्हतं, ते एका अळीने केलं. सरपंच तर शेतात जाऊन मंदिराकडे पाठ करून उभे राहिले. पुंजाजी मिशीवर रुमाल बांधून घरात बसले.

वीरेंद्रभाऊ टॅब सुरू करून डोळे मिटून पळाले. अंजू खांबाला टेकली. रामीबाई आम्हाला म्हणाल्या, "पोरीहो, आज देवीले झोपू नोका देऊ." आम्ही टाळ हातात घेतले. असं भजन आमच्या मंडळाने आजवर म्हटलं नव्हतं. सूर कोणाचाच लागला नाही, आणि आवाज सगळ्यांचा लागला. मॅडमनी काय विचारलं, अंजूने काय सांगितलं, ते टाळांत बुडालं. एकदा अंजूने पदराने डोळे पुसलेले दिसले. एकदा ती चक्क हसली.

मॅडमनी टॅबवर चिठ्ठी पाठवली आणि वाशीमच्या एका मान्यताप्राप्त दवाखान्याचं नाव सांगितलं. अंजू त्याच दुपारच्या एसटीने रामीबाईंसोबत गेली. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, कशा घ्यायच्या आणि काय झालं तर लगेच यायचं, ते नीट समजावलं. पुढचे दोन-तीन दिवस तिच्या घरी आमच्यातली कोणी ना कोणी असायची. पोट दुखलं, अंगावरून गेलं, थांबलं. तपासणीला परत जाऊन आली. सगळं ठीक होतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वरच्या कार्यालयाला आकडे पोहोचतात. अतिगोपनीय वर्गातला पहिला यशस्वी सल्ला आमच्या गावचा ठरला, तेव्हा एक साहेब कॅमेरा घेऊन यशोगाथा लिहायला आले. शाल आणि नारळ त्यांनी सोबतच आणले होते.

"नाव नको, फोटोही पाठमोरा चालेल," साहेब उदारपणे म्हणाले. "फक्त तिने हे का केलं, तेवढं सांगा. कारण असल्याशिवाय वाचणाऱ्याला सहानुभूती वाटत नाही."

"कोणतं कारण चालते?" रामीबाईंनी विचारलं.

"गरिबी चालते. नवऱ्याचं व्यसन फार चांगलं चालतं. आजारपणही चालेल. पण नुसतं नको वाटलं, असं असेल तर जरा अवघड आहे."

"साहेब," रामीबाई हात जोडून म्हणाल्या, "या व्रताचा एक नेम हाये. जो कारण इचारते, त्याले फळ नाही भेटत. वरून पाप लागते."

साहेब हसले, पण त्यांनी वही मिटली. जाताना देवीपुढे नारळ फोडून गेले, उगाच काही राहायला नको म्हणून.

ही यशोगाथा मग कोणी लिहिली नाही, म्हणून मी ही लिहिली. तुम्ही शेवटपर्यंत वाचलीत, सरपंचांना हसलात, पुंजाजींनाही हसलात, अंजूच्या बाजूने उभे राहिलात. देवी तुमचं कल्याण करो. फक्त मनाशी खरं सांगा: तिने का बरं केलं असेल, हे शेवटी कळेल म्हणून थांबला होतात ना?

एक नारळ तुम्हीही फोडून टाका.