कच्चेपणाचा दाखला

कोणालाही काहीही शिकवण्याआधी त्याला ते येत नाही, याची सरकारी खात्री व्हावी लागते. नियम उत्तम आहे. तो करणाऱ्यांना काय येत होतं याची खात्री कोणी केली, हे मात्र फायलीत सापडत नाही.

बाई चौदा वर्षं मोठ्या सरांच्या क्लासमध्ये अपूर्णांक शिकवत होत्या. क्लासच्या दारावरच्या पाटीवर हाताची घडी घातलेल्या मोठ्या सरांचा फोटो होता, आणि मोठ्या सरांना अपूर्णांक येत नव्हते. तिथली पद्धत अशी, की पोरांना एखादी गोष्ट कळू लागली रे लागली की अख्खी बॅच पुढच्या धड्यावर ढकलायची. पक्कं होण्याचा धोकाच नको. एकदा बाई म्हणाल्या, "सर, एक आठवडा द्या. निम्म्यांना कळलंय, उरलेल्यांनाही कळेल."

सर म्हणाले, "आणि मग ती इथे कशाला येतील?"

बाईंनी त्याच दिवशी नोकरी सोडली आणि घरी येऊन सासूबाईंचं शिलाई मशीन पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत ढकललं.

"हे काय आरंभलंयस?" सासूबाईंनी विचारलं.

"स्वतःचा क्लास काढतेय, आई."

"काढ. चौदा वर्षं दुसऱ्याची धुणी धुतलीस, आता आपली धू. मशीनचा पाय तेवढा मोडू नकोस."

परवाना कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज आधी मागून वाचला, मग पुढून.

"कच्चेपणाचा दाखला कुठाय?"

"माझा?"

"तुमचा कशाला? शिकवणाऱ्याचा आम्ही धरूनच चालतो. दहा पोरं दाखवा, याच भागातली, गणितात कच्ची. आमचे साहेब येऊन तपासतील. गरज सिद्ध झाली की परवाना. जिथे गरज नाही तिथे उगाच शिक्षण पोचायला नको."

"साहेब कधी येतील?"

"कधीही येतील. तुम्ही आठ महिने धरा. पोरं मात्र रोज हजर हवीत."

दहा कच्ची पोरं अर्ध्या दिवसात मिळाली. त्यांच्या आया शपथेवर सांगायला तयार होत्या. त्यातली सर्वांत कच्ची म्हणजे टकळी. तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून हे नाव. एक छेद आठ हा एक छेद चारपेक्षा मोठाच, कारण आठ मोठे, हे ती कुणाशीही भांडून सांगायची.

आता दहा पोरं दहा स्टुलांवर रोज संध्याकाळी बसायची. समोर फळा, हातात खडू, आणि शिकवायला बंदी! बाईंच्याने राहवेना. त्यांनी सासूबाईंचे कापड बेतायचे कागद घेतले, घड्या घातल्या, कापले आणि फुकट शिकवायला सुरुवात केली. कागदाचा आठवा तुकडा चौथ्या तुकड्यावर ठेवून टकळी दोन मिनिटं गप्प बसली. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

साहेब नवव्या महिन्यात आले.

"एक छेद दोन अधिक एक छेद तीन?"

"पाच छेद सहा," टकळी म्हणाली. "एवढं सोपं नको ना साहेब, अवघड विचारा."

साहेबांचा चेहरा पडला. दहाही पोरांनी बाईंना दगा दिला होता. अहवाल आला: "कच्चे म्हणून सादर केलेले सर्व विद्यार्थी पक्के आढळले. सबब गरज नाही. अर्जदाराने कार्यालयाची दिशाभूल केली आहे."

बाई तडक खिडकीवर गेल्या. "अहो, कच्चीच होती! मी शिकवलं म्हणून यायला लागलं."

कारकुनाचं पेन थबकलं. "म्हणजे परवान्याविना शिकवलंत?"

"फुकट शिकवलं."

"ते तर आणखी वाईट. फुकटात यायला लागलं, तर बाकीच्या क्लासवाल्यांनी तोंड कुठे लपवायचं?" त्याने दोन नमुने पुढे सरकवले. "पोरं मुळात पक्की होती म्हणालात, तर फसवणूक. तुम्ही पक्की केलीत म्हणालात, तर बेकायदा शिक्षण. कुठला आवडतोय तो भरा. तीन प्रतींत."

"तिसरा काही मार्ग?"

"आहे की. पूर्ववत करणे. रस्ता खोदला की बुजवून द्यावा लागतो ना? तशी पोरं होती तशी करून द्या. महिन्याने फेरतपासणी."

शिकलेलं पोर पुन्हा कच्चं करणं किती जिकिरीचं असतं, हे मोठ्या सरांना काय ठाऊक! त्यांच्याकडे आधी शिकवायची भानगडच नव्हती. पहिल्या दिवशी एकाने साहेबांच्या त्याच बेरजेचं उत्तर सत्तावन्न सांगितलं.

"असं कुणी चुकत नसतं," बाई कळवळून म्हणाल्या. "चुकायलाही रीत असते. वरचे वर मिळव, खालचे खाली मिळव. दोन छेद पाच. ही खरी चूक."

रोज वीस चुकांचा गृहपाठ. ज्याचं बरोबर येईल त्याने पुन्हा लिहायचं. चौथ्या दिवशी टकळी म्हणाली, "बाई, नेमकं चुकायला आधी बरोबर उत्तर काढावं लागतं. मग आम्ही विसरायचं कधी?"

बाई उठून मागच्या खोलीत गेल्या. सासूबाईंनी मशीन थांबवलं.

"रडायला काय झालं?"

"पोरांना चुकायला शिकवतेय, आई."

"मग? सगळे तेच करतात. तू निदान मन लावून करतेस."

फेरतपासणीत दहाच्या दहा पोरं चुकली. टकळीने तर बोट तोंडात घालून "आठ मोठे, म्हणून एक छेद आठ मोठा" असं इतकं मनापासून सांगितलं, की साहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अरेरे! किती गरज आहे हो इथे!" ते बाईंना म्हणाले.

आठवड्यात परवाना आला. खाली बारीक अक्षरांत अट होती: दरवर्षी कच्चेपणाची तपासणी, पक्का विद्यार्थी आढळल्यास त्याचे नाव कमी करणे. बाईंनी ती दोनदा वाचली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा खदखदून हसल्या. त्यांना हेच तर हवं होतं! चार महिने शिकवायचं, पक्कं झालं की निरोप द्यायचा, नवी कच्ची पोरं घ्यायची. साहेबांनी दरवर्षी यावं, खुशाल तपासावं. कायद्याला त्यांनी कायद्यानेच चितपट केलं होतं. दारावर पाटी लागली: "अपूर्णांक. चार महिन्यांत पक्के."

पालक आले. पाटी वाचून एकमेकांकडे बघू लागले.

"चारच महिने? म्हणजे वरवरचंच असणार."

"मोठ्या सरांकडे सात वर्षं लागतात. उगाच लागतात का?"

"आणि पाचव्या महिन्यापासून पोराचं संध्याकाळी घरात काय करायचं आम्ही? लोणचं?"

महिनाभर दहाही स्टुलं रिकामी. रस्त्यात टकळीची आई भेटली. बाईंनी विचारलं, "टकळी काय म्हणतेय?"

"मोठ्या सरांकडे घातली तिला," आई कौतुकाने म्हणाली. "तुमच्याकडचं तिचं शिकून झालं ना!"

त्या दिवशी बाई स्टुलावर चढल्या, पाटीवरचं "चार महिन्यांत" पुसलं आणि तिथे "सात वर्षांत" लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. तेव्हा कारकुनाला आणि साहेबांना फार हसू नका. रांगेत सहावे तुम्ही होतात, लेकराचं बोट धरून. बाईंनी वहीतून मान वर करून विचारलं होतं, "याला नेमकं काय येत नाही?"

तुम्ही म्हणालात, "ते तुम्ही बघा हो. सुटणार किती वाजता तेवढं सांगा."