दम घेऊ द्या तिले

वीज आल्या आल्या कोणी बटण दाबलं की मेश्राम काका हात आडवा घालतात.

"आत्ताच आली ना ती, दुरून? दम घेऊ द्या तिले."

ती म्हणजे लाईन. आमच्या बालाघाटात वीज कोणी म्हणत नाही. लाईन गेली की गल्लीतले लोक हातपंखा शोधतात, काका चपला शोधतात. भरवेलीच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. खांद्यावर झोळी. झोळीत टेस्टर, पक्कड आणि वायरीला होल्डर जोडून लावलेला एक पिवळा बल्ब. लाईन परत आली की कोणाचं ना कोणाचं काहीतरी चालू होत नाहीच, आणि काकांना हाक येतेच.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी सगळ्या पिना काढायच्या. मग दहा मिनिटं नुसतं बसायचं. मग सॉकेटात तो बल्ब लावून बघायचा. पेटला तर सॉकेट ठीक, मग फ्यूज, मग स्टॅबिलायझर, आणि सगळ्यात शेवटी मशीन. मला ते दहा मिनिटं बसणं अजिबात झेपत नाही. एकदा मी दुसऱ्याच मिनिटाला फ्रिजकडे हात नेला, तर काकांनी मनगट धरलं.

"गुरुजी, पोरांले पेपर देता तर आधी बसू देता ना? मंग हिनं काय पाप केलं?"

मी मास्तर. हात मागे घेतला, कपाळ!

'बिगडला' हा शब्द तर त्यांच्यासमोर काढायचाच नाही. सेट-टॉप बॉक्स लाल दिवा लावून ढिम्म बसला असला तरी म्हणणार, "बिगडला नाही, रुसला." आणि बहुतेक वेळा तो उठतोही, याचा मला जास्त राग येतो.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगी रायपूरला. काका दुपारी एकदाच भात टाकतात आणि संध्याकाळी तोच गार भात खातात. आईने कितीदा जेवायला बोलावलं, पण उत्तर एकच, "जेवून आलो, वहिनी." कामाशिवाय कोणाच्या घरी पाय ठेवायचा नाही, ही त्यांची जुनी खोड.

पुढे माझ्या लक्षात आलं की लाईन जाऊन परत आली की आमचा टीव्ही हटकून चालू होत नाही. एकदा पाहिलं तर आई टीव्हीमागे वाकून पिन ढिली करत होती.

"आई, काय करून राह्यली?"

"चूप बस. त्याईले दहा मिनिटं बसा लागते. तेवढ्यात ताट वाढून होते."

आणि मी शहाणा, उन्हाळ्यात हौसेने इन्व्हर्टर आणला. त्याच आठवड्यात संध्याकाळी लाईन गेली. गल्ली काळीकुट्ट, आमचं घर लखलखीत. काका झोळी घेऊन फाटकापर्यंत आले. आत पंखा फिरताना दिसला. "बढिया है," म्हणाले आणि वळले. आई दारात वाटी घेऊन उभी होती.

"तुले गरम होत होतं म्हणून माणूस तोडला तू," एवढंच बोलली आणि वाटी घेऊन आत गेली. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो.

पुढच्या वेळी लाईन गेली तेव्हा मी स्वतः इन्व्हर्टरचं बटण बंद केलं आणि काकांच्या दारात गेलो.

"काका, नवाकोरा आहे, पण रुसला."

काका आले, इन्व्हर्टरसमोर उकिडवे बसले. बंद बटण अगदी नाकासमोर. त्यांनी बटणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे आई मेणबत्तीच्या उजेडात ताट पुसत होती. काकांनी झोळीतून पिवळा बल्ब काढला आणि उगीच धोतराला पुसला.

"हौ," ते म्हणाले. "दहा मिनिटांत नाही होत हे. अर्धा घंटा तरी लागते."

लाखोरीच्या डाळीचं वरण आणि गरम भात, काकांनी दोनदा घेतला. हात धुऊन आले आणि एका बोटाने बटण दाबलं. पंखा फिरला.

"पाह्यलं, गुरुजी? दम घ्याचा होता फक्त."

झोळी खांद्याला लावून फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि माझ्याकडे न बघताच हळू म्हणाले, "पुढच्या वेळी बटण बंद नोका करू. मी येत जाईन तसाच."