सी शिफ्टची झुरळं आणि रामटेके काका

रामटेके काका कोणाच्याही घरी गेले की दाराशी चपला काढायचे आणि थेट स्वयंपाकघरात शिरायचे. नमस्कार-चमत्कार नंतर. आधी सिंकखालचं दार उघडायचं, खिशातली टॉर्च मारायची आणि वाकून आत विचारायचं, "हं, कोन कोन ड्युटीवर हाये?"

नवी सून असेल तर तिच्या हातातलं भांडं पडायचं. जुनी माणसं निवांत असायची. आमच्या सेक्टर सहामध्ये काकांचं डोकं ज्याच्या सिंकखाली गेलं नाही, असं क्वार्टर शोधूनही सापडायचं नाही.

हा माणूस एकदा माझ्यासाठी मुलगी बघायलाही आला होता. माझे वडील तेव्हा होते आणि त्यांना काकांशिवाय कुठे जायचं सुचत नसे. दोघेही भंडाऱ्याकडचे, एकाच साली इथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला लागलेले. राजनांदगावच्या त्या घरी पोह्यांच्या बशा बाहेर आल्या आणि काका आत गेले. पाच मिनिटांनी हात पुसत परतले आणि मुलीच्या वडिलांना समाधानाने म्हणाले, "घर चांगलं हाये तुमचं. फक्त मसाल्याच्या फळीमागं झुरळाची अंडी हायेत. पन घाबरू नका, मी हावो." ती सोयरीक अर्थातच जुळली नाही. वडील वर्षभर त्यांच्यावर चिडून होते आणि काका वर्षभर विचारत होते, "त्या लोकांनी मंग त्या अंड्यांचं का केलं?"

काका प्लांटच्या हेल्थ डिपार्टमेंटात होते, फवारणीवर. प्लांटमधल्या माणसाला सगळं जग शिफ्टमध्ये दिसतं, तसं काकांना किडे दिसतात. माशी ए शिफ्टची, सकाळी सहाला हजर. संध्याकाळचा मच्छर बी शिफ्टचा. झुरळ सी शिफ्टचं, रात्री दहानंतर. डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो, म्हणून तो जनरल शिफ्टवाला साहेब. उंदराचं मात्र त्यांना कौतुक. "तो डबल ड्युटी करते बाप्पा. कंटाळा म्हनून नाई." त्यातही झुरळांच्या दोन जाती त्यांनी आख्ख्या कॉलनीच्या बायकांना तोंडपाठ करून घेतल्या होत्या. छोटं, पिवळसर ते स्वयंपाकघरातलं. मोठं, तांबडं ते गटारातलं. आईने एकदा दोन्हींना नुसतं 'झुरळ' म्हटलं, तर काकांनी तिला असं सुनावलं की जणू तिने जनरल मॅनेजरला साधा खलाशी कामगार म्हटलं होतं.

काका लागले तेव्हा डीडीटीचा जमाना होता. फवारणी म्हणजे सणच. आदल्या दिवशी सांगून जायचे आणि सकाळी सगळ्या स्ट्रीटचा संसार अंगणात यायचा. गाद्या, डबे, देव, बाबासाहेबांचा फोटो, सगळं ओळीने बाहेर. कोणाकडे पितळेची भांडी किती आणि कोणाची गादी फाटकी, हे त्या दिवशी सगळ्यांना कळायचं. काका पाठीवर पंप घेऊन घरात शिरायचे, भिंती पांढऱ्या करून बाहेर यायचे आणि दारावर खडूने तारीख लिहायचे. मग भिंती वाळेपर्यंत कोणी घरात जायचं नाही. अंगणातच चहा, अंगणातच जेवण. प्रत्येक घरचा एक घास काकांच्या ताटात पडायचा. माझी आई सांगते, तेव्हा मच्छर कमी झाले की नाही कोण जाणे, पण भांडणं कमी झाली.

पुढे मच्छर डीडीटी पचवायला लागले. मग धुराची मशीन आली. खांद्यावर मशीन घेतलेले काका पुढे आणि आम्ही कारटी त्या रॉकेलच्या धुरात मागे. धुरातून फक्त आवाज यायचा, "अबे, मच्छर कोन हाये अन् पोट्टं कोन हाये, मले दिसून नाई राहिलं! हटा!" नंतर कोणीतरी वर ठरवलं की धुरापेक्षा मासे बरे. काका सायकलला कॅन बांधून गप्पी मासे वाटत फिरले. मच्छरांची पिल्लं खायला प्रत्येक टाकीत दोन, आणि उन्हाळ्यात कूलर लागले की प्रत्येक कूलरमध्ये एक. आमच्या कूलरमधला मासा चौथ्या दिवशी मेला. काकांना कळलं तसे ते समाचाराला आले, दोन मिनिटं कूलरपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "ड्युटीवर असताना गेला." आईला हसू आवरेना म्हणून ती आत पळाली.

आता झुरळं मारायचं जेल आलं आहे. ठेकेदाराचा माणूस मास्क लावून येतो, कपाटांच्या बिजागऱ्यांत सुईने थेंब थेंब जेल लावतो, सही घेतो आणि जातो. सात मिनिटांचं काम. डबे हलवायचे नाहीत, वास नाही, आणि सहा महिने झुरळ नजरेस पडत नाही. आम्ही सगळे खूश झालो, खोटं कशाला सांगू? काकांनी एकदा सगळं काम उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "याच्यात मानसाशी बोलाचं कवा?"

तोवर काका रिटायर होऊन जवळच्याच स्मृति नगरात राहायला गेले होते. नवं घर, चकचकीत टाइल्स, एक मुंगी नाही. त्या घरात गेल्यावर दुसऱ्याच वर्षी काकू गेल्या. मुलगा पुण्यात, चौदाव्या मजल्यावर. त्याने हौसेने बोलावलं, तर महिनाभरासाठी गेलेले काका आठव्या दिवशी परत. आईने कारण विचारलं तर म्हणाले, "तेवढ्या उंच मच्छरच येत नाई वयनी. मंग मी तिथं का करू?"

तेव्हापासून दर रविवारी ते सायकल मारत सेक्टर सहात यायचे आणि एकेका फाटकापाशी थांबून विचारायचे, "काई निघालं का?" आतून उत्तर यायचं, "नाही हो, काहीच नाही." आई म्हणायची, "भाऊजी, चहा तरी घ्या." पण काका पॅडलवरचा पाय काढत नसत. "ड्युटी नाई तर चहा कायचा?" असं म्हणून पुढच्या फाटकाकडे जायचे. पुढच्या फाटकाशीही तेच. मी खिडकीतून ते पाहायचो आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचो. याची मला आता लाज वाटते.

गेल्या मार्चमधला रविवार. भर दुपारी बारा वाजता काका चक्क आत आले. "पानी द्या वयनी, ऊन लय हाये," म्हणाले. आई माठाकडे वळली. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो, दारातून ओटा सरळ दिसत होता. काकांनी खिशातून काडेपेटी काढली, उघडली आणि ओट्यावर झटकली. त्यातून अंगठ्याएवढं, तांबडं एक झुरळ पडलं आणि उलटंच हातपाय हलवायला लागलं.

"वयनी!" काका ओरडले. "निघालं ना! मी म्हनतच होतो!"

आई वळली. तिने झुरळाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग काकांच्या मुठीकडे. काडेपेटीचं टोक बाहेर आलं होतं. काकांनी शिकवलेलं ती काही विसरली नव्हती.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे तर गटारातलं हाये. सी शिफ्टवालं. दुपारी बारा वाजता ओट्यावर कावून आलं?"

आईने पायातली चप्पल काढली, एक फटका हाणला आणि कागदाने ओटा पुसून घेतला. मग काकांकडे न बघता म्हणाली, "आमच्या घरी याले तुमाले झुरळ लागते का?"

"तसं नाई वयनी." काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पन बिनाकामाचं कोनाच्या घरात कसं बसाव मानसानं?"

आई कोठीत गेली आणि तांदळाचा डबा नि सूप घेऊन आली.

"बसा," ती म्हणाली. "तांदळात सोंडे झाले हायेत. खायचे तांदूळ, याच्यात दवा नाई चालत. हातानंच निवडा लागते. माह्या डोळ्यानं दिसत नाई."

काकांनी चष्मा चढवला, मांडी घातली आणि सूप पुढे ओढलं. बोटाने तांदूळ पसरले. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमच्या घरी सोंडा कधी झालाच नाई. निंबाचा पाला घाले पोराची माय डब्यात. मी हासो तिले. म्हनो, हे जुनं झालं."

आईने कणीक मळायला घेतली, नेहमीपेक्षा दोन पोळ्यांची जास्त. मी मदतीच्या निमित्ताने काकांच्या शेजारी जाऊन बसलो. सूपभर तांदळात सोंडे होते तीन. ते निवडायला काकांना संध्याकाळ झाली, आणि आम्ही कोणी त्यांना घाई केली नाही.