टॅपिंग चकाची मसलत व पुरणयंत्राचा जीर्णोद्धार

श्री लंबोदर प्रसन्न. ज्याचे उदर थोर त्यास प्रथम वंदन करोन, आणि मग ज्या गृही पुरण शिजते त्या गृहीच्या अन्नपूर्णेस वंदन करोन हकीकत लिहिली जाते ती ऐसी. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, फाल्गुन मास, शुद्ध पक्ष. दौलतीचे नाव लिहीत नाही, कारण भिंतीस भिंत लावून राहणे आहे. दौलत म्हणावी तर मागील दारची पत्र्याची शेड, तीत एक ड्रिल मशीन, एक जुना लेथ, एक ग्राइंडर आणि खिळ्यामोळ्यांचे डबे, इतकाच मुलूख; परंतु धनी श्रीमंत रंगराव सरमोकदम यांचा थाट ऐसा की शेडचे कुलूप उघडावयास निघाले तरी स्वारी निघाली ऐसे वाटावे. कारखान्याचे टूलरूममध्ये उभी हयात घालवोन, पेन्शनीत आलियावर त्यांनी हे राज्य स्थापिले, आणि आळीत कोणाचे बिजागर निखळो की कोणाचे कुकरचे कान तुटो, फिर्याद येथेच येऊ लागली. आम्ही शेजारचे. दर सणास या घरून ताट झाकून येते, सबब खाल्ल्या मिठास जागून लिहितो; तरी जेथे धनी चुकले तेथे चुकले म्हणोनच लिहू, कारण मीठ खाल्ले आहे, अफू खाल्ली नाही.

तर होळी तोंडावर आली आणि श्रीमंतांच्या पत्नी सौभाग्यवती मालतीबाईसाहेब यांनी माळ्यावरोन पुरणयंत्र उतरविले. यंत्र पितळी, जडशीळ, बाईसाहेबांच्या मातोश्रींचे. मातोश्री निवर्तल्या तेव्हा भावंडांनी दागिना वाटोन घेतला, भांडी वाटोन घेतली, आणि बाईसाहेबांनी एवढे यंत्र तेवढे मागोन घेतले होते. ते चिंच लावोन घासून ओट्यावर ठेविले, तो त्याचा एक पाय गळोन पडला. पाहतात तो पाय ज्या भोकात बसे त्यातील आटे झिजोन सपाट जाहलेले. बाईसाहेबांचे बंधू दिनकरराव सणानिमित्त आठ दिवस आधीच येवोन राहिले होते, ते म्हणाले की ताई, पुरण मिक्सरमध्ये फिरवावे, त्यात काय मोठे. यावर बाईसाहेबांनी बंधूंकडे नुसते पाहिले, आणि दिनकरराव उठोन बाहेर अंगणात गेले. मग यंत्र आणि सुटलेला पाय दोन्ही हुजूर रवाना जाहले आणि आज्ञा सुटली की होळीचे आत दुरुस्त व्हावे.

आता यातील पेच समजोन घ्यावा. उपाय एकच, की झिजलेले भोक थोडे मोठे करोन त्यात नव्याने आटे पाडावे आणि पायास जाड स्क्रू द्यावा. आटे पाडावयाचे हत्यारास टॅप म्हणतात. टॅप जातीचा पोलादी, परंतु स्वभावे एकांगी. मोडेन पण वाकणार नाही म्हणणाऱ्यांपैकी. त्यात हे भोक आरपार नव्हे, एका अंगाने बंद, आणि भोवती पितळ जेमतेम. म्हणजे डाव एकदाच. टॅप आत मोडला तर निघणे नाही, आणि बाईसाहेबांच्या आईची वस्तू जन्माची लंगडी. गतसाली शेवयांचे साचात ऐसाच टॅप मोडला होता. त्या साचाचे नाव काढणे दरबारात मना आहे, तेव्हा आम्हीही येथे एकदाच काढिले. आणि दुसरा पेच त्याहून नाजूक, की श्रीमंतांचा उजवा हात अलीकडे कापू लागला होता. चहा घेते वेळी बशी वाजे. कोणी पाहिले तर श्रीमंत म्हणत की हल्लीच्या बश्या हलक्या निघतात. दोन मुठींचे टॅप-हँडल धरोन हाताने आटे पाडावे तर टॅप कलणार आणि कललेला टॅप मोडणार, हे जन्मभर याच कामात मुरलेल्या माणसास सांगावयास नको. आणि ड्रिलच्या साध्या चकात, म्हणजे हत्यार धरणाऱ्या जबड्यात, टॅप धरावा तर तो चक म्हणजे हट्टी पहिलवान, धरिले ते सोडणे ठाऊक नाही, अडले तरी फिरवीतच राहणार. सबब श्रीमंतांनी जाहीर केले की दौलतीस टॅपिंग चक पाहिजे. कशास पाहिजे ते जाहीर केले नाही. गल्लीतील पितळेच्या कारागिराकडे यंत्र द्यावे ऐसे आम्ही भीत भीत सुचविले, तेव्हा श्रीमंत म्हणाले की ज्यास पोळी नको असेल त्याने पुन्हा सुचवावे. आम्ही पुन्हा सुचविले नाही.

मग खलबत भरले. दिनकरराव यांची मोठी विद्या म्हणजे हातातील फोन. त्यात परमुलखीचे कारागीर दिसतात आणि दिनकरराव त्यांस आपले शागीर्द असल्याप्रमाणे नावे ठेवितात. ते म्हणाले, दाजी, घ्यावे तर आपोआप उलटे फिरणारे घ्यावे. दांडा खाली दाबिला की टॅप आत जातो, वर उचलिला की आपला आपण माघारा फिरतो, मनुष्याने फक्त उभे राहावे. श्रीमंतांस ते मानवले, कारण नुसते उभे राहणे हात कापत असताही होते. दिनकररावांचा एक स्नेही कारखानदार, त्याजकडोन ते धूड उसने आले, आणि रिक्षातून उतरविते वेळी दिनकररावांची कंबर धरली ती अद्याप सुटली नाही. मग मोठ्या समारंभे ते ड्रिल मशीनीस चढविले, आणि चढविलियावर पाहतात तो धूड एवढे लांब की मशीनीचे टेबल पार तळास नेले तरी मध्ये वीतभरही जागा उरली नाही, आणि यंत्र तर हातभर उंच. घोडा आणिला आणि तबेल्याचे दार बुटके, ऐसा प्रकार जाहला. चक निवडते वेळी आपले मशीनखाली जागा किती, हे मोजावयाचे राहोनच गेले होते. आणि तेही कोणाचे, तर ज्याने जन्मभर केसाच्या जाडीची मापे घेतली त्याचे. दिनकरराव हार मानावयाचे नाहीत. ते म्हणाले की मशीन कडेस सरकवावी, खाली फरशी फोडोन खड्डा खणावा आणि यंत्र खड्ड्यात बसवावे. बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातून विचारिले की खड्ड्यात आधी कोणास बसवावयाचे. ते धूड त्याच दुपारी माघारी गेले.

दुसरे दिवशी श्रीमंतांची स्वारी आपण होवोन बाजारपेठेत निघाली, आम्हीही मागे पिशवी धरोन गेलो. हत्यारांचे व्यापारी हसमुखभाई, गल्ल्यावर बसल्या बसल्या गिऱ्हाइकाचे चपलेवरोन त्याचे मशीन ओळखणारे. त्यांनी प्रथम मशीनीची उंची विचारिली, मग मशीनीत बसणाऱ्या चकाच्या शेपटाचे माप विचारिले, आणि श्रीमंतांस शरम वाटली, कारण हेच त्यांनी आधी स्वतःस विचारावयाचे होते. मग हसमुखभाईंनी एक आखूड, गोंडस चक काढिला. आत थोडा लवता, जेणेकरोन टॅप आपल्या आट्याने आपण आत ओढला जावा आणि वरून रेटावा लागू नये. आणि पोटात क्लच, की जोर मर्यादेबाहेर गेला तर चक फिरेल पण टॅप उभा राहील. मर्यादा बाहेरील कड्याने सैल वा घट्ट करावी. दिनकरराव बरोबर होतेच, ते म्हणाले की म्हणजे ऐन लढाईत हात सोडून देणारा. हसमुखभाई त्यांजकडे न पाहता श्रीमंतांस म्हणाले, “साहेब, हा घसरेल. घसरला म्हणजे बिघडला समजू नका हां. तो तुमचा टॅप वाचवून राहिलाय.” श्रीमंतांनी मान डोलाविली, आणि आम्ही समजलो की समजले. मान डोलाविणे आणि समजणे यात किती कोसांचे अंतर आहे ते पुढे कळेल.

घरी येवोन प्रथम पितळेच्या एका तुकड्यावर रंगीत तालीम जाहली. मशीन सर्वांत मंद चालीवर ठेविली, तेल घातले, टॅप आत शिरला, आणि थोडा शिरोन अडला, आणि चकातून कट कट कट ऐसा आवाज येवोन चक नुसताच फिरू लागला. हे व्हावयाचे तसेच होते. परंतु दिनकरराव हसले आणि म्हणाले, दाजी, तुमचा सरदार पळपुटा निघाला. झाले. श्रीमंतांचे कपाळास आठी पडली, आणि त्यांनी पाना घेतला, आणि कडे आवळिले, आणि आणखी आवळिले, आणि आता माघार घेईल तर पाहतो ऐसे म्हणोन शेवटास नेवोन आवळिले. म्हणजे शहाणा चक आणोन त्यास पुन्हा हट्टी पहिलवान केला. मशीन चालू केली, टॅप अडला, चक अडेना, आणि टॅप मोडला.

मोडण्याचा आवाज लहानसाच. परंतु दिनकररावांचे हसणे जागीच थांबले. श्रीमंतांनी मशीन बंद केली, चष्मा काढिला, आणि स्टुलावर बसोन उजवा हात डाव्या हाताखाली दाबोन धरिला. आम्हास फार वाईट वाटले, आणि पोळीकरिता वाटले नाही, हे ज्यास खोटे वाटेल त्यास वाटो. इतक्यात बाईसाहेब आल्या. त्यांनी मोडका टॅप पाहिला, तुकडा पाहिला, हात पाहिला, आणि आत जावोन पुरणयंत्र उचलोन आणिले आणि मशीनीजवळ ठेविले.

श्रीमंत म्हणाले, “नको मालती. हात कापतो माझा.”

हे वाक्य त्या दौलतीत त्यापूर्वी कोणी ऐकिले नव्हते. बाईसाहेब म्हणाल्या, “माहीत आहे. म्हणून तर चक आणलात ना? मग त्याला त्याचं काम करू द्या.”

श्रीमंतांनी चष्मा पुन्हा डोळ्यांस लाविला. मग उठले, आणि पाना घेवोन कडे सैल केले, पार सैल, आणि दुसऱ्या तुकड्यावर थोडे थोडे आवळीत नेवोन जेथे टॅप कापतो परंतु अडताच चक सुटतो तेथे थांबले. मग यंत्र शिकंज्यात धरिले, भोक मोठे केले, नवा टॅप लाविला, आणि तेल घालावयास बाईसाहेब स्वतः उभ्या राहिल्या. टॅप आत गेला आणि कट कट जाहले. दिनकररावांनी तोंड उघडिले, तो बाईसाहेबांनी त्यात गुळाचा खडा घातला. श्रीमंतांनी दात ओठ खाल्ले खरे, पण कड्यास हात लाविला नाही. मशीन उलटी फिरविली, टॅप बाहेर आणिला, पितळेचा चुरा झाडला, पुन्हा तेल, पुन्हा आत. पुन्हा घसरला, पुन्हा माघार, पुन्हा चाल. ज्या गृहस्थाने जन्मात कधी भाजीवाल्यासही शेवटचा शब्द बोलू दिला नाही, त्याने ऐशा माघारीवर माघारी घेतल्या आणि प्रत्येक माघारीस आटे थोडे अधिक खोल गेले. शेवटास टॅप सुखरूप बाहेर आला. बाईसाहेबांनी जाड स्क्रू दिलेला पाय घेवोन आपल्या बोटांनी फिरविला, तो लोण्यातून जावा तसा आत गेला आणि घट्ट बसला. त्यांनी यंत्र ओट्यावर ठेवोन दोन्ही हातांनी दाबोन पाहिले. डुलले नाही. मग त्या पदराने यंत्र पुसत राहिल्या, पुसण्यासारखे त्यावर काही नसताही.

होळीस पुरण त्याच यंत्रातून निघाले, आणि पोळ्या ऐशा उतरल्या की आम्ही मोजणे सोडोन दिले. दिनकरराव कंबरेस उशी लावोन जेवीत होते, ते म्हणाले की ताई, एवढा खटाटोप कशास, गल्लीतल्या कारागिराने घटकेत करून दिले असते. त्या वेळी श्रीमंत हात धुवोन पुन्हा शेडमध्ये गेले होते, आणि ज्याचे नाव काढणे मना तो साचा शिकंज्यात धरोन गाणे गुणगुणत होते. गाणे बेसूर होते, पण ऐकू स्पष्ट येत होते.

बाईसाहेब तूप वाढीत शेडकडे मान करोन म्हणाल्या, “यंत्र कुठंही दुरुस्त झालं असतं, दिनू. हे कुठं झालं असतं?”

दिनकररावांनी ताट पुढे केले आणि आणखी एक पोळी मागोन घेतली.

येणेप्रमाणे हकीकत जैसी पाहिली आणि जैसी चाखिली तैसी लिहिली. सारांश इतकाच, की घरगुती दौलतीने टॅपिंग चक घेते वेळी आधी आपल्या मशीनखालील जागा मोजावी, मग क्लच पाहावा, आणि क्लच घसरू लागल्यास कडे न आवळिता मेहुण्यास बाहेर पाठवावे. पोट भरले, लेखणी ठेविली.