पायगाडी, करट आणि उभी भक्ती

या, असे जवळ सरका. म्हाताऱ्या माणसांना पुढे घ्या, त्यांना खांब आड येऊ देऊ नका. एका पायगाडीने, म्हणजे सायकलीने, आमच्या गावाला भक्तिमार्गाला कसे लावले, त्याचे आख्यान आज सांगायचे आहे.

परमेश्वराने मनुष्याला बोलायला जीभ दिली, काम करायला हात दिले, आणि बसायला जे काही दिले त्याचे नाव मात्र चारचौघांत घेऊ नये असे ठरवून दिले. डोके दुखले तर माणूस गावभर सांगतो, दाढ दुखली तर गालाला फडके बांधून मिरवतो. पण या ठिकाणी दुखू लागले, की सभ्य गृहस्थाला दोनच मार्ग उरतात. एक तर खोटे बोलायचे, नाही तर साधू व्हायचे. आमच्या कर्जतच्या दत्तोपंतांना दोन्ही एकदम साधले.

दत्तोपंत कचेरीत अव्वल कारकून. त्यांनी मुंबईहून पायगाडी आणली तेव्हा तालुक्यात तसे दुसरे वाहन नव्हते. कामानिमित्त त्यांना वरचेवर खालापूरला जावे लागे. (खोपोलीपर्यंत आगगाडी होती. परंतु आगगाडीत बसलेल्या माणसाकडे शेतातले लोक नांगर थांबवून पाहत नाहीत.) पायगाडीवर बसणे म्हणजे साक्षात पालखीत बसणे, असे त्यांनी पहिल्याच दिवशी पारावर जाहीर केले. दोन्हींमधला फरक त्यांना दुसऱ्या दिवशी कळला. पण एकदा जाहीर झालेले मागे घेण्याची सरकारी माणसांत पद्धत नाही.

सदर विकाराची कारणमीमांसा अशी. पायगाडीची बैठक चामड्याची, नागाच्या फण्याच्या आकाराची आणि तितकीच मायाळू. तिच्यावर अव्वल कारकून, आणि दोहोंच्या मधे धोतराच्या काष्ट्याची जाडजूड वळकटी. ही वळकटी पळसदरीच्या चढावर घासे आणि उतारावर आपटे. थोड्याच दिवसांत तेथे एक करट उठले. ते रोज वाढत गेले आणि लिंबाएवढे झाल्यावर थांबले. (त्यानंतर ते ठणकू लागले.)

घरी फक्त पत्नीला, म्हणजे अंबाबाईंना, ही गोष्ट ठाऊक होती.

"अहो, साहेबलोक विजार घालतात ते काही उगाच नाही. एक विजार शिवून घ्या," त्या म्हणाल्या.

"विजार? आमच्या घराण्यात आजवर कोणी विजार घातलेली नाही!"

"तुमच्या घराण्यात पायगाडीवर तरी कोण बसलं होतं?"

युक्तिवाद बिनतोड असल्यामुळे दत्तोपंतांनी तो तात्काळ फेटाळला आणि ते औषधोपचाराकडे वळले.

प्रथम वैद्यराज. "माझ्या एका स्नेह्याला करट झालं आहे," दत्तोपंत म्हणाले.

"बसा की, पंत. स्नेह्याला पाठवून द्या, पाहतो."

"त्याला बसता येत नाही."

"तुम्हीही मघापासून उभेच आहात."

"मला घाई आहे."

वैद्यराजांनी शतधौत घृत दिले, म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेले तूप. शिवाय पथ्य सांगितले: वांगे वर्ज्य, दिवसा झोप वर्ज्य, क्रोध वर्ज्य. (पायगाडी वर्ज्य असे काही सांगितले नाही, कारण स्नेह्याकडे पायगाडी आहे हे त्यांच्या कानावर घातलेच नव्हते.) तुपाने करटाला चांगले बाळसे आले.

मग कचेरीतला पट्टेवाला कोंडाजी. तो पळसदरीचा. पंत उभ्यानेच कागद लिहितात, यावरून त्याने काय ते ओळखले.

"पंत, लाजू नका. बिबा लावा बिबा! आमच्या ढवळ्या बैलाला लावला व्हता."

"मग? गुण आला?"

"गुण? तवापासून बैल कदी खाली बसलाच नाय!"

ही शिफारस नीट न ऐकता दत्तोपंतांनी बिबा लावला. आता करट होतेच, आणि त्याच्या भोवती बिब्याच्या तेलाने भाजलेही होते.

अशा अवस्थेत विठ्ठलमंदिराचा उत्सव आला. तिसऱ्या प्रहरी कीर्तन. त्या वर्षीचे बुवा काय सांगू! आवाज असा, की झांज थांबली तरी तिचा नाद त्यांच्या गळ्यात राहावा. दत्तोपंतांची जागा ठरलेली, पुढच्या खांबापाशी. न जावे तर लोक विचारणार, जावे तर बसावे लागणार. ते गेले, आणि खांबापाशी हात जोडून उभे राहिले. पूर्वरंग झाला, उत्तररंग झाला, तरी उभेच. मधूनमधून कळ येई, तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहे.

बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "पाहा, श्रोतेहो! देव युगानुयुगे विटेवर उभा आहे, आणि आपण त्याच्यासमोर मांडी ठोकून बसतो! गावात एकच भक्त असा निघाला, की देव उभा असताना ज्याला बसवत नाही. अश्रू बघा त्याचे!"

अंगावर काटा आला. (आम्हीही त्याच क्षणी उठून उभे राहिलो, हे येथे नमूद केले पाहिजे.)

दुसऱ्या दिवशी अर्धे देऊळ उभे होते, आठवड्याच्या आत सगळेच. 'उभे श्रवण मंडळ' स्थापन झाले आणि किराणा दुकानदार भिवाजीशेट त्याचे चिटणीस झाले. आधाराशिवाय उभे राहील तो उत्तम भक्त, भिंतीला टेकेल तो मध्यम, असे वर्ग पडले. एका पायावर उभे राहण्याचा ठराव पुढील वर्षासाठी राखून ठेवला. ज्यांचे गुडघे धरले होते त्यांना बाहेर, चपलांपाशी बसण्याची मुभा मिळाली. तेथे कीर्तन उत्तम ऐकू येई आणि मुळीच दिसत नसे. आत शेकडा सत्तर लोकांना बुवा दिसत नसत. उरलेल्यांना दिसत, परंतु आपण उभे आहोत हे कोण पाहते आहे, ते पाहण्यात त्यांचा वेळ जाई. शेवटी बुवांनाच चौरंगावर चढवले.

इकडे प्रतिबंधक उपाय म्हणून दत्तोपंतांनी बैठकीवर कापसाची गिरदी बांधली. ती सरकली, आणि पंत वाटेतल्या एका उंबराखाली पडले. तेव्हापासून ते पायगाडी उभ्यानेच हाकू लागले. धोतर फडफडते आहे, पंत पायट्यांवर ताठ उभे आहेत, तोंडाने "विठ्ठल, विठ्ठल" चालले आहे, असे ध्यान खालापूरच्या रस्त्याने जाऊ लागले. बाया डोक्यावरची पाटी उतरवून नमस्कार करीत.

"ह्यो देवमाणूस वाहनावर बी बसत नाय गं!"

याच रस्त्याने त्यांची कीर्ती खालापूरच्या गोपाळकृष्णपंतांच्या ओटीपर्यंत गेली. त्यांचा मुलगा लग्नाचा होता. दत्तोपंतांची लेक सुंदरा उपवर होती आणि दोन ठिकाणची बोलणी मोडलेली होती. गोपाळकृष्णपंत मुलगी पाहायला आले. त्यांनी बाप पाहिला, तोही उभा, आणि मुलगी न पाहताच सुपारी फोडली.

झाले! आता करटाचा बोभाटा झाला तर सुंदराचे लग्न मोडणार, आणि करट बरे न झाले तर बाप कन्यादानाला बसणार कसा? दत्तोपंतांनी तूप लावले, पोटिसे बांधली, वांगे सोडले, क्रोधही सोडून पाहिला. पायगाडी मात्र सोडली नाही. व्याह्यांनी पंचक्रोशीला सांगून ठेवले होते, की आमचे व्याही उभ्याने येतात. त्यांना आगगाडीत बसून येताना कोणी पाहिले असते तर?

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त गोरज. मांडव भरला होता. मंडळाच्या नियमाप्रमाणे सगळे उभे. घंगाळात मुहूर्त मोजणाऱ्या घटिकापात्राची वाटी बुडत चालली होती. भटजी म्हणाले, "यजमान, पाटावर बसा."

भिवाजीशेट पुढे सरसावले. "बसा म्हणजे? पंत बसले, तर गाव इतके दिवस उभं राहिलं ते फुकट?"

"कन्यादान उभ्यानं होत नाही. शास्त्र आहे."

"मी उभ्या भक्ताची मुलगी करतो आहे," गोपाळकृष्णपंत म्हणाले. "ते बसणार असतील, तर आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल."

सुंदराने मुंडावळ्या बाजूला सारल्या. तिने एकदा भटजींकडे पाहिले, एकदा सासऱ्यांकडे, आणि मग वडिलांकडे पाहत राहिली. वाटीतले पाणी काठापर्यंत आले होते.

अंबाबाईंना राहवेना. "अहो, कसली भक्ती घेऊन बसलात! त्यांना करट झालंय, करट! त्या मेल्या पायगाडीनं! बसता येत नाही म्हणून उभे आहेत ते!"

मांडवातल्या सगळ्या माना व्याह्यांकडे वळल्या.

मग गोपाळकृष्णपंतांनी हात जोडले. "धन्य माउली! नवऱ्याचं पुण्य जगाला कळू नये म्हणून एवढं अभद्र स्वतःच्या तोंडानं बोलल्या. असं घराणं शोधून सापडायचं नाही."

भिवाजीशेटांनी उपरण्याने डोळे पुसले. बायका अंबाबाईंच्या पाया पडू लागल्या. अंबाबाईंनी कपाळावर हात मारला. त्यालाही लोकांनी नमस्कार केला.

वाटी बुडाली. दत्तोपंतांनी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिले, डोळे मिटले, आणि ते सगळ्या भाराने पाटावर बसले.

करट फुटले.

"पां-डु-रं-गा!"

ती हाक शेजारच्या भिसेगावात ऐकू गेली. मांडवाने एकमुखाने "विठ्ठल, विठ्ठल" असा गजर केला. बुवा जेवणासाठी आलेले होते. त्यांनी निर्वाळा दिला, की देवाने प्रत्यक्ष खांद्यावर हात ठेवून भक्ताला बसवले, सबब हे बसणे बसण्यात जमा धरू नये. व्याह्यांची हरकत निकालात निघाली. कन्यादान झाले, आणि सुंदरा सुखाने सासरी गेली.

आठवड्याभरात जखम भरून आली. दत्तोपंतांनी पायगाडी माळ्यावर टाकली. पुढच्या एकादशीला ते कीर्तनाला आले, इकडेतिकडे पाहिले, आणि खांबापाशी हलकेच मांडी घालून बसले. त्या सुखाचे वर्णन काय करावे!

झांज थांबली. बुवा चौरंगावरून वाकून पाहू लागले. भिवाजीशेट लगबगीने आले आणि त्यांनी दोन्ही काखांत हात घालून पंतांना उचलायला सुरुवात केली.

"पंत, हे काय? देव उभा आहे!"

"शेट, मला जरा बसू द्या हो."

"प्रकृती बरी नाही का?"

दत्तोपंतांनी एकदा त्या उभ्या गर्दीकडे पाहिले. तिच्यात व्याहीही होते. मग मान खाली घालून ते म्हणाले, "करट झालं आहे."

"अरेरे! मग आधी नाही का सांगायचं?" शेट हळहळले. हे मात्र सगळ्यांना लगेच पटले. पंतांना सन्मानाने बाहेर, चपलांपाशी नेऊन बसवले, आणि त्यांच्यासाठी सामुदायिक प्रार्थना झाली. करट नसताना पंतांना बसायला मिळाले ते तेवढेच.

पंत आता नाहीत. देवळात लोक अजून उभेच असतात, आणि का ते विचारण्याइतका नास्तिक गावात कोणी निपजलेला नाही. तुम्ही हसता आहात, हसा. पण पुढच्या वेळी भरल्या सभेत समोरचा गृहस्थ डोळ्यांत पाणी आणून उभा राहील, आणि त्याला पाहून तुम्हीही गुडघ्यावर हात टेकून उठाल. (उठालच.) तेव्हा त्याच्या पायांवर डोके ठेवण्याआधी एवढे करा, आमच्या दत्तोपंतांची एकदा आठवण काढा.