सहा मिनिटांत एक मूल

सलिल दाबकेचा हिशोब पक्का होता. एका मुलाला सहा मिनिटं, वर्गात मुलं अठ्ठावीस. साडेदहाला सुरुवात केली की बरोबर एक वाजून अठरा मिनिटांनी इयत्ता दुसरीच्या डोक्यात वस्तुमान आणि धारकता कितपत शिरली आहे, हे तो सहीशिक्क्यानिशी सांगू शकणार होता. त्याचा स्वतःवर इतका विश्वास होता की त्याने दोन वाजता थाळी खायला जायचं टेबलसुद्धा राखून ठेवलं होतं.

हा विश्वास एका निळ्या पेटीत मावत होता. खराडीतल्या एका कंपनीत पाचव्या मजल्यावर बसून सलिलने ती पेटी आठ महिने खपून तयार केली होती. आत एक तराजू, एक लाल पिशवी, एक निळी पिशवी, एक उंच ग्लास, एक पसरट वाडगा आणि एक टॅब. मुलाने उत्तर द्यायचं, सलिलने ते टॅबवर दाबायचं. टॅब ‘टुंग’ करून मूल प्रगत आहे की प्रारंभिक, ते सांगून मोकळा. त्याच्या वरच्या जागी असलेल्या अभिनव सरांनी निघताना बजावलं होतं, "आज सही आण. नाहीतर पुन्हा फोनवर बस." सलिलने आधी दोन वर्षं फोनवर बसून लोकांना ‘एकदा बंद करून चालू करा’ असं सांगण्यात घालवली होती. त्याला परत तिकडे जायचं नव्हतं.

सही होती सुहासिनी गोगटे यांची. निवृत्त मुख्याध्यापिका, आता एका संस्थेच्या अकरा शाळा सांभाळणाऱ्या. त्यांची अट सरळ होती. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं कच्ची निघाली, तर अकराही शाळांत पेटी घ्यायची आणि या वर्गाचा खेळाचा तास गणिताला द्यायचा. म्हणजे मुलं जितकी कच्ची, तितकी सलिलची नोकरी पक्की. खरं सांगायचं तर त्याने ते असं मांडून बघितलं नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो, फक्त आत्मविश्वास फार होता.

शाळा मार्केट यार्डाच्या मागे. येताना मगरपट्ट्याजवळच्या एका गतिरोधकाने पेटीतल्या ग्लासाचे तुकडे केले. सलिल डगमगला नाही. शाळेजवळच्या भांड्यांच्या दुकानातून त्याने तेवढाच उंच, तेवढाच रुंद ग्लास घेतला. चूक नको म्हणून बाहेरून पट्टी लावून मोजूनही घेतला.

दुसरीचा वर्ग कादंबरी ओव्हाळ बाईंचा. नऊ वर्षं त्या दुसरीच शिकवत होत्या. सलिलने टेबलावर मांडामांड करता करता त्यांना समजावलं, "बाई, मूल्यमापन निष्पक्ष व्हायला हवं. तुम्ही मध्ये एक शब्दही बोलायचा नाही. भुवईसुद्धा हलवायची नाही."

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तपासायच्या वह्या पुढे ओढल्या.

पहिली आली पूर्वा. वय वर्षं सात, दोन वेण्या, कपाळावर येणारे केस चापात अडकवलेले.

"पूर्वा, लाल पिशवी डाव्या पारड्यात ठेव, निळी उजव्या. आणि सांग, जड कुठली?"

पूर्वाने पिशव्यांना हातही लावला नाही. ती गुडघ्यांवर बसली, एक डोळा मिटला आणि रिकाम्या तराजूकडे बघत राहिली.

"सर, तुमचा काटा डावीकडे झुकतोय."

"झुकू दे. तू पिशव्या ठेव."

"असं नाही चालत. आई म्हणते, आधी रिकामा काटा बघायचा. गिऱ्हाईक पहिलं तेच बघतं."

पूर्वाची आई मार्केट यार्डाबाहेर भाजी विकायची आणि सुट्टीच्या दिवशी पूर्वा तिच्या शेजारी बसायची. हे टॅबला माहीत नव्हतं, कारण टॅबमध्ये ते विचारायला रकानाच नव्हता. पूर्वाने केसांतला चाप काढला आणि उजव्या पारड्यात टाकला. दांडी सरळ झाली. मग तिने दोन्ही पिशव्या ठेवल्या. दांडी सरळच राहिली.

"सारख्या," ती म्हणाली.

उत्तरतालिकेत होतं ‘लाल जड’. टुंग! प्रारंभिक. शेऱ्यात सलिलने लिहिलं, ‘मुलगी साधनाशी खेळते. वजन आणि केसांचा चाप यांतला फरक कळत नाही.’

"चाप राहू दे सर, बाकीच्यांना लागेल," जाता जाता पूर्वाने सांगितलं.

आणि तो खरोखरच बाकीच्यांना लागला. रांगेतल्या प्रत्येकाने हा प्रकार डोळे फाडून बघितला होता. पुढचा मुलगा आला, त्याने आधी चाप ठेवला. त्याच्यापुढची आली, तिनेही. अध्यापनाच्या पुस्तकांत याला मुलांनी एकमेकांकडून शिकणं म्हणतात. सलिल त्याला गोंधळ म्हणाला आणि चौथ्या मुलाच्या वेळी त्याने चाप सरळ स्वतःच्या खिशात टाकला.

मुलांचं काही अडलं नाही. एकाने खोडरबर ठेवून पाहिला, तो जड झाला, म्हणून त्याचा कोपरा तोडला. एकीने खडूचे तुकडे जमवले. विश्वजीत नावाच्या एका गंभीर मुलाने खिशातून चिंचोके काढले. दोन कमी पडत होते, तीन जास्त होत होते. त्याने एक चिंचोका दाताखाली धरून फोडला आणि अडीच चिंचोक्यांवर दांडी अशी सरळ केली की बघत राहावं. मग सगळ्यांचं उत्तर एकच, सारख्या. टुंग, टुंग, टुंग.

बारा वाजले तरी नऊच मुलं झाली होती. सलिलने थाळी तीनला ढकलली आणि बेत बदलला. वजनाचं एकेकाला विचारायचं, पाण्याचं सगळ्यांना एकदम. वजनाचा प्रश्न संपला तेव्हा अठ्ठाविसांतली दोनच मुलं प्रगत ठरली होती. त्यांतल्या एकीने खिडकीबाहेर बघत ‘लाल’ म्हटलं, कारण तिला लाल रंग आवडायचा. दुसऱ्याला शू लागली होती आणि त्याला काहीतरी सांगून सुटायचं होतं.

आता पाणी. सलिलने ग्लास आणि वाडगा शेजारी ठेवले. हा त्याचा लाडका प्रश्न होता. उंच भांडं बघून मुलं फसतात, असं त्याने मोठमोठ्या लोकांच्या लेखांत वाचलं होतं. दोन्हीत मावतं मात्र सारखंच.

"सांगा बघू, जास्त पाणी कशात मावेल?"

"सर, ग्लास जरा हातात देता?" राकेशने विचारलं. राकेशच्या वडिलांची चहाची टपरी होती. त्याने ग्लास उलटा केला, बुडावर बोटाने टकटक केलं आणि तो मागच्या बाकावर दिला. ग्लास वर्गभर फिरून आला.

"सर, ह्याचं बूड बघा. दोन बोटं नुसती काच आहे. आमच्याकडं असेच आहेत. पप्पा म्हणतात, गिऱ्हाइकाला दिसतो फुल, जातो हाफ."

वाडग्यासाठी अठ्ठावीस हात वर गेले.

"नाही," सलिल मोठ्या मायेने हसला. "दोन्हीत सारखंच मावतं. आता बघा हं गंमत." त्याने वाडगा काठोकाठ भरला आणि ग्लासात ओतायला लागला. ग्लास भरला. वाडग्यात पाणी उरलं होतं. सलिलचा डोळ्यांपेक्षा उत्तरतालिकेवर जास्त विश्वास होता, म्हणून तो ओतत राहिला. पाणी ग्लासावरून टेबलावर आलं, टेबलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून त्याच्या पँटवर.

वर्गात कोणी हसलं नाही. ओव्हाळ बाईंनी दुसऱ्याच्या फजितीला न हसायची शिस्त लावली होती. बाई स्वतः मात्र वहीत डोकं खुपसून बराच वेळ एकच बेरीज तपासत होत्या.

विश्वजीत फडकं घेऊन आला आणि टेबल पुसायला लागला. "राहू दे रे बाळा," सलिल कसनुसा होत म्हणाला. विश्वजीतने त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. त्याने फडकं पाण्याच्या बाटलीच्या टोपणात पिळलं. टोपण भरलं की वाडग्यात रिकामं करायचं आणि पुन्हा पुसायचं. दोघी जणी पट्टीने टेबलावरचं पाणी एका कडेला लोटत होत्या. कोणी कोणाला काही सांगत नव्हतं, आणि तरी सगळ्यांना आपलं काम माहीत होतं.

"सांडलेलं मोजायचंय सर," विश्वजीतने शेवटी खुलासा केला. "म्हणजे वाडगा कितीनं मोठा ते कळेल."

"सरांच्या पँटमध्ये पण गेलंय थोडं," पूर्वाने लक्षात आणून दिलं.

यावर गंभीर चर्चा झाली. राकेशचं म्हणणं पडलं की ते पिळता येणार नाही, पण सोडूनही देता येणार नाही. मग पूर्वा फळ्यापाशी गेली आणि तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं:

वाडगा = ग्लास + ३ टोपणं + सरांची पँट

सलिल त्या ओळीकडे बघत उभा राहिला. मग तो तराजूपाशी गेला आणि त्याने डावं पारडं उलटं केलं. पारड्याच्या खाली कंपनीचं बोधचिन्ह चिकटवलेलं होतं, चांगलं जाडजूड, प्लॅस्टिकचं. हौसेने त्यानेच ते लावायला सांगितलं होतं. आणि उत्तरतालिका? तीही याच तराजूवर पिशव्या ठेवून केलेली. आठ महिन्यांत पाचव्या मजल्यावरच्या बारा शहाण्यांपैकी एकालाही रिकामा तराजू बघावासा वाटला नव्हता. या मुलांना तो पहिल्या मिनिटाला बघावासा वाटला होता. ओल्या पँटमध्ये उभ्या असलेल्या सलिलला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की स्वतःची लाज वाटायला थोडा उशीरच झाला.

तेवढ्यात गोगटे मॅडम आत आल्या. त्यांनी टॅब उचलला.

"अठ्ठाविसांत सव्वीस प्रारंभिक. छान. म्हणजे वाईट, पण तुमच्या दृष्टीने छान." त्यांनी पेन काढलं. "खेळाचा तास आजपासून गणिताला. आणि ओव्हाळ बाई, नऊ वर्षं काय शिकवत होतात आपण?"

बाईंनी सलिलकडे बघितलं. "आता बोलू का?"

सलिलने मॅडमच्या हाताकडे बघितलं. कागद समोर होता, पेनाचं टोपण निघालेलं होतं. गप्प राहिलं की काम फत्ते. पण खेळाचा तास जाणार हे मुलांना आता कळलं होतं आणि अठ्ठावीस चेहरे एकदम उतरले होते.

"मॅडम, सही करू नका," सलिल म्हणाला.

त्याने सगळं सांगितलं. बोधचिन्ह, उत्तरतालिका, गतिरोधक, ग्लास. मॅडमचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने खिशातून चाप काढून पूर्वाला दिला. पूर्वाने तो पारड्यात ठेवला. मॅडम सदुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर बसल्या आणि एक डोळा मिटून त्यांनी दांडी पाहिली. मग उठून फळा वाचला.

"सरांची पँट म्हणजे किती?"

"टोपणाच्या आतच," राकेशने सांगितलं.

"अंदाज बरा आहे." मॅडम सलिलकडे वळल्या. "म्हणजे मुलांना येतंय."

"हो."

"मग चुकलं कोण?"

"पेटी."

"तिला काय कळतंय? प्लॅस्टिकची आहे ती."

"मी चुकलो," सलिल म्हणाला.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "खेळाचा तास राहील. ओव्हाळ बाई, मघाचा प्रश्न मी मागे घेते. आणि दाबके, पेटी दुरुस्त करून सोमवारी आणा. आधी या मुलीला दाखवा. ही हो म्हणाली तरच माझ्याकडे यायचं."

अभिनव सरांनी फोनवर सोमवारपर्यंतची मुदत दिली, तीही मोठा सुस्कारा टाकून. म्हणजे सलिलची नोकरी आता एका सात वर्षांच्या मुलीच्या हातात होती. तो पूर्वाशेजारी उकिडवा बसला.

"सोमवारी आलो तर पेटी तपासशील ना?"

पूर्वाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मागे पडलेल्या मुलांना बाई काय सांगतात, ते तिने आठवून बघितलं.

"तपासते," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "पण येताना आईला घेऊन या."

संध्याकाळी सहकारनगरातल्या घरी सलिलने ही गोष्ट आईला अगदी रंगवून सांगितली. पूर्वाच्या शेवटच्या वाक्याला तर तो स्वतःच खो खो हसला. आई मटार सोलत होती. ती हसली नाही. हातातली शेंग संपवून तिने विचारलं, "सोमवारी किती वाजता?"